लंबकाचा दोष आणि रक्तपेशीचे वजन

जुलै १८७१ मध्ये लडाखमधील मोरे पठारावर, सुमारे १७,००० फूट उंचीवर, कॅप्टन जेम्स पॅलाडिओ बसेवी यांचा मृत्यू झाला. ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेसाठी ते १८६५ पासून देशभर लंबकाचे दोलनकाल मोजत होते. दोलनकालावरून त्या जागेचे गुरुत्वाकर्षण कळते. लंबकाबरोबर हवा काढून घेण्याचे अवजड पात्रही न्यावे लागे. हवेच्या घर्षणाने दोलने मंदावतात. शिवाय थोडी हवा लंबकाबरोबर हलत राहते, त्यामुळे तो जणू अधिक जड होतो. सर्वेक्षकांच्या लेखी हा मापनातला निव्वळ दोष होता. तोच दोष पुढे मापनाचे साधन झाला, त्याचा हा इतिहास.

दोषाचे गणित बसेवींच्या मोहिमेआधीच मांडले गेले होते. डिसेंबर १८५० मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे लंबक आणि प्रवाहीच्या अंतर्गत घर्षणावरचा निबंध वाचला. प्रवाही, म्हणजे द्रव किंवा वायू, कंप पावणाऱ्या वस्तूवर दोन परिणाम करतो, हे त्यातून स्पष्ट झाले: तिची गती संथ होते आणि तिची ऊर्जा हळूहळू खर्च होते. हे परिणाम प्रवाहीच्या घनतेवर आणि श्यानतेवर, म्हणजे अंगच्या दाटपणावर, अवलंबून असतात. मग हिशेब उलटाही करता येतो. स्टोक्स यांनी लंबकांच्या जुन्या नोंदींवरून हवेच्या श्यानतेचा अंदाज बांधलाच होता.

पुढची मोठी पायरी शंभराहून अधिक वर्षांनी आली. ज्या १९५९ साली भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्याच वर्षी जर्मनीत ग्युंटर सॉअरब्राय यांनी दाखवले, की क्वार्ट्झच्या कंप पावणाऱ्या चकतीवर पातळ थर बसला की तिची वारंवारिता थराच्या वस्तुमानाच्या प्रमाणात घटते. चकती जणू तराजू झाली. १९६७ मध्ये ऑस्ट्रियातील आंटोन पार कंपनीने द्रवाने भरलेली यू आकाराची नळी कंपित करून घनता मोजणारे उपकरण बाजारात आणले. १९८५ मध्ये कानाझावा आणि गॉर्डन यांनी द्रवात बुडवलेल्या क्वार्ट्झचे सूत्र दिले: वारंवारितेतील घट ही घनता आणि श्यानता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते.

उपकरण सूक्ष्म करताना मात्र जुनी अडचण परतली. केसाहून बारीक पट्टी द्रवात बुडवली, की तिचे कंपन जवळपास लगेच विझते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये थॉमस बर्ग आणि स्कॉट मॅनालिस यांनी २००३ मध्ये यावर सुंदर तोड काढली. त्यांनी द्रव पट्टीच्या बाहेर न ठेवता तिच्या पोटातल्या पोकळ वाहिनीतून खेळवला. द्रव आत असल्याने पट्टीभोवती निर्वात ठेवणे शक्य झाले. २००७ मध्ये अशा पट्टीने द्रवातील एकेका पेशीचे व नॅनोकणाचे वजन केले. अचूकता एका फेम्टोग्रॅमहूनही बारीक होती. एक फेम्टोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक हजार-अब्जांश भाग, त्याचाही हजारावा अंश. एक आश्चर्यही हाती लागले. अशा पट्टीत श्यानता वाढली की ऊर्जेचा व्यय वाढतोच असे नाही. काही टप्प्यांत तो घटतोही. म्हणून या आकारमानावर स्टोक्स यांचे गणित जसेच्या तसे लावता येत नाही.

२०११ मध्ये याच गटाने प्रत्येक पेशी वेगवेगळ्या घनतेच्या दोन द्रवांत तोलली. तत्त्व आर्किमिडीजचेच: दोन्ही वजनांतल्या फरकावरून पेशीचे आकारमान, वस्तुमान आणि घनता मिळते. पेशी लहान-मोठ्या असल्या तरी त्यांची घनता फारच थोडी बदलते. त्यामुळे घनतेतला किंचित फरकही बोलका ठरतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात कायमच्या विळ्याच्या आकाराच्या झालेल्या पेशी अशा प्रकारे वेगळ्या ओळखता आल्या.

हा मुद्दा आपल्या दाराशी येतो तो इथेच. छत्तीसगड आणि विदर्भ या सलग पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेलचे ओझे मोठे आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत त्याच्या उच्चाटनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. वर सांगितलेली सूक्ष्म पट्टी आज निदानाच्या नेहमीच्या चाचण्यांची जागा घेत नाही. निर्वात, स्थिर तापमान आणि वाहिनी न तुंबण्याची काळजी या तिच्या गरजा प्रयोगशाळेच्याच आहेत. तिला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलापर्यंत आणणे, हे भिलाईच्या आयआयटीत किंवा नागपुरात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढचे खरे भौतिकशास्त्र आहे. पुढच्या वेळी प्रयोगवहीत एखादा परिणाम ‘त्रुटी’ या रकान्यात लिहाल, तेव्हा तो कशामुळे झाला, एवढे जरूर विचारा. त्या कारणातच पुढचे मापन दडलेले असू शकते.