झुलता सिलिंडर, सरकती झडप आणि वऱ्हाडचा कापूस

झुलत्या सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडर पायाला जखडलेला नसतो. त्याच्या मध्यावर दोन्ही बाजूंना जाड, पोकळ खुंटे असतात. तोफ जशी गाड्यावर खुंट्यांनी पेललेली असते, तसा हा सिलिंडर या खुंट्यांवर पेललेला असतो आणि पाळण्यासारखा झुलतो. पिस्टनचा दांडा थेट क्रँकला जोडलेला असतो. नेहमीच्या इंजिनात पिस्टन सरळ रेषेत ये-जा करतो आणि क्रँक गोल फिरते; या दोन चालींचा मेळ घालायला मध्ये जोडदांडा लागतो. झुलत्या इंजिनात तो लागत नाही. क्रँक ज्या बाजूला जाईल, त्या बाजूला सिलिंडरच आपले तोंड वळवतो. त्यामुळे एक सांधा कमी होतो आणि जोडदांड्याच्या लांबीएवढी जागा वाचते.

लहान झुलत्या इंजिनाची झडप ही तर या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट आहे, कारण तिथे झडप म्हणून वेगळा भागच नसतो. सिलिंडरची एक बाजू घासून सपाट केलेली असते आणि तिला टोकाजवळ एक भोक असते. ही सपाट बाजू एका स्थिर पत्र्यावर स्प्रिंगने दाबून धरलेली असते. त्या पत्र्याला दोन भोके असतात, एक वाफ आत येण्याचे आणि दुसरे वापरलेली वाफ बाहेर जाण्याचे. सिलिंडर एका अंगाला झुकला की त्याचे भोक वाफेच्या भोकासमोर येते आणि पिस्टन ढकलला जातो. दुसऱ्या अंगाला झुकला की तेच भोक निकासाच्या भोकासमोर येते. मधोमध, पिस्टन टोकाला पोचलेला असताना, सिलिंडरच्या भोकासमोर कोरा पत्रा असतो. तेवढा क्षण फ्लायव्हीलच्या वेगावर निभावून न्यायचा. सिलिंडरचे झुलणे हेच झडपेचे उघडणे आणि मिटणे.

मोठ्या इंजिनात एवढ्यावर भागत नाही. तिथे वाफ एका पोकळ खुंट्यातून आत घेतात आणि दुसऱ्यातून बाहेर सोडतात, आणि सिलिंडरच्या अंगावर स्वतंत्र सरकती झडप बसवतात. अडचण अशी की सिलिंडर झुलला की त्याच्याबरोबर झडपही झुलणार आणि नको तेव्हा उघडणार. यावर कारागिरांनी काढलेला तोडगा म्हणजे कमानदार खाच. खुंट्याच्या मध्याभोवती काढलेल्या वर्तुळाचा एक तुकडा असावा, अशी ती खाच असते आणि झडपेचा दांडा तिच्यात सरकतो. सिलिंडर झुलताना दांडा कमानीवरून नुसता घसरतो आणि झडप जागची हलत नाही. कमान स्वतः वर-खाली झाली तरच झडप हलते.

या इंजिनाची छोटी प्रतिकृती विल्यम मर्डॉक याने अठराव्या शतकातच केली होती. आरन मॅन्बी याने १८२१ मध्ये त्याचे पेटंट घेतले, १८२७ मध्ये जोसेफ मॉड्स्लेने त्यात सुधारणा केली, आणि पुढे ग्रिनिचच्या जॉन पेन याने ते चाकाच्या आगबोटींसाठी इतके नेटके केले की काही दशके आगबोटीचे इंजिन म्हटले की हेच इंजिन डोळ्यांसमोर येई. बोटीत जागा तोकडी असते आणि चाकाचा आस डोक्यावर असतो. झुलता सिलिंडर त्याच्या बरोबर खाली बसतो.

वऱ्हाडच्या कापसाची आणि या इंजिनाची वाट पहिल्यांदा भेटली ती अमरावतीत किंवा अकोल्यात नव्हे, तर गंगेकाठी मिर्झापूरला. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा बराचसा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून, तांड्यातांड्याने, सुमारे ५०० मैल उत्तरेला मिर्झापूरला जाई आणि तिथून नदीमार्गे कलकत्त्याला. या नदीवर १८३४ पासून कलकत्ता-अलाहाबाद अशी आगबोटींची फेरी सुरू झाली. पहिली लोखंडी आगबोट ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ ही मॉड्स्लेच्या लंडनमधील कारखान्यात घडवलेली होती आणि तिची इंजिने झुलत्या सिलिंडरची होती. उन्हाळ्यात गंगेचे पाणी उथळ होते, म्हणून बोट जेमतेम दोन फूट पाण्यात तरंगेल अशी हलकी लागे. हलक्या बोटीला हलके इंजिन लागे. वऱ्हाडचा कापूस मात्र या बोटींत क्वचितच चढला. आगबोटीचे भाडे कापसासारख्या फुगीर मालाला परवडणारे नव्हते. तो देशी नावांतूनच पुढे गेला.

हा फुगीरपणाच पुढच्या साऱ्या यंत्रांचे कारण ठरला. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग १८६७ मध्ये पुरा झाला. जलंब ते खामगाव या फाट्याचे उद्घाटन १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले, आणि पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाण्यात गेले. दोन्ही फाटे दहा-तेरा किलोमीटरांचे, आणि दोन्ही कापसासाठी टाकलेले.

रेल्वे आली तरी सैल बांधलेल्या कापसाने डबा वजनाआधीच भरून जाई. मुंबईला पोचल्यावर तोच कापूस जहाजासाठी पुन्हा दाबावा लागे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नाक यांनी कापूस उगवतो तिथेच तो पक्का दाबावा यावर भर दिला. पूर्वीचे प्रेस मळसूत्राचे होते आणि माणसे दांडे धरून गोल फिरत ते आवळीत. पक्क्या गाठीला एवढा जोर पुरत नाही. वाफेच्या इंजिनावर पंप चालवून पाण्याच्या दाबाने दट्टा वर उचलणारे प्रेस आले, आणि गाठीचे वजन ३९२ पौंड ठरून गेले. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला हिशेब आहे. मुंबई बाजाराची कापसाची खंडी ७८४ पौंडांची होती. दोन गाठी म्हणजे एक खंडी.

प्रेसच्या शेजारी सरकी काढणारा जिन आला. त्याआधी सरकी काढण्याचे काम घरोघरी हातचरखीवर होई आणि ते बहुतांशी बायका करीत. दोन रुळांमध्ये कापूस धरायचा, रुई पलीकडे ओढली जाते, सरकी अलीकडे पडते. फोन्स मॅकार्थी याने १८४० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेला रुळाचा जिन याच तत्त्वावर बेतलेला होता. चामड्याचा रूळ रुई धरून ओढतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडवते आणि खालून वर-खाली होणारी दुसरी सुरी सरकीला टोले देऊन मोकळी करते. आखूड धाग्याच्या वऱ्हाडी कापसाला हा जिन मानवला, कारण करवती जिनाप्रमाणे तो धागा तोडीत नाही. असे जिन रांगेने मांडलेले असत. सबंध दालनाच्या लांबीचा एक शाफ्ट असे आणि प्रत्येक जिनाला त्यावरून एक पट्टा. यंत्रे आली, कापूस भरणाऱ्या बायका त्याच राहिल्या; पूर्वी त्या स्वतःच्या ओट्यावर बसत, आता भोंग्यावर येऊ लागल्या.

शाफ्ट भिंतीतून आरपार जाई, आणि पलीकडे इंजिनघर. रुईला ठिणगी पुरते, म्हणून बॉयलर जिनच्या दालनापासून लांब ठेवावा लागे. इथे जे इंजिन बसे ते आडवे आणि स्थिर सिलिंडरचे असे. झुलत्या सिलिंडरची इथे गरजच नव्हती. वऱ्हाडात जागेची टंचाई नव्हती. उलट, झुलत्या इंजिनाचे दोष इथे नेमके उघडे पडले असते. वाफ खुंट्यांतून जाते तिथली पॅकिंग सतत घासली जाते, आणि हवेत तरंगणारी रुईची फूस तेल लागलेल्या प्रत्येक उघड्या सांध्यावर चिकटते. दाब वाढला की सपाट बाजू पत्र्यापासून सुटून वाफ निसटते. सबंध सिलिंडर झुलवायचा म्हटल्यावर वेगालाही मर्यादा पडते. शिवाय लहान झुलत्या इंजिनात वाफ केव्हा तोडायची हे भोकांच्या जागेनेच कायमचे ठरून जाते.

ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. स्थिर सिलिंडरच्या माथ्यावर किंवा कडेला एक बंद पेटी असते. तिच्यात बॉयलरची वाफ येते. पेटीच्या तळाला तीन खाचा असतात. दोन कडेच्या खाचा सिलिंडरच्या दोन टोकांकडे जातात आणि मधली निकासाकडे. यांवर उपड्या ठेवलेल्या परातीसारखी पोकळ झडप पुढेमागे सरकते. ती एका बाजूला सरकली की एक खाच पेटीतल्या वाफेला मोकळी होते. त्याच वेळी दुसरी खाच परातीच्या पोटाखाली येऊन मधल्या निकासाशी जोडली जाते. पिस्टनच्या एका अंगाला वाफ, दुसऱ्या अंगाला वाट. वाफेचा दाबच झडपेला तळाशी घट्ट बसवतो, आणि सगळे पेटीत बंद असल्याने फूस आत जात नाही.

ही झडप हलते ती मुख्य आसावर मुद्दाम एका अंगाला सरकवून बसवलेल्या चकतीने, म्हणजे एक्सेंट्रिकने. ही चकती क्रँकच्या काटकोनाहून थोडी पुढे बसवलेली असते. झडपेच्या कडा खाचांपेक्षा रुंद ठेवल्या की पिस्टन निम्म्या-पाऊण वाटेवर असतानाच वाफेची खाच मिटते. कोंडलेली वाफ पसरत पिस्टनला उरलेली वाट ढकलते. हे काम फुकट मिळते. पूर्ण फेरीभर वाफ सोडली तर जोर जास्त मिळतो, पण ताजी वाफ तशीच धुराड्यातून आभाळात जाते. कोळसा वरोऱ्याच्या किंवा त्याहून दूरच्या खाणीतून विकत आणायचा असेल तर हा फरक मालकाच्या वहीत दिसतो.

जिनाचा भारही एकसारखा नसे. एखाद्या जिनाचा पट्टा उतरवला, रूळ बदलायला थांबवला की भार झटक्यात कमी होई. प्रेसच्या पंपावर तर शेवटच्या काही इंचांतच सारा जोर लागे. इंजिनाला पळू न देण्याचे काम फिरत्या गोळ्यांच्या गव्हर्नरचे. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची वाट आखडते; वेग पडला की ते खाली येतात आणि वाट खुलते. चांगल्या इंजिनात मुख्य झडपेच्या पाठीवर दुसरी लहान झडप असे आणि तिने वाफ तोडण्याची वेळ भाराप्रमाणे बदलता येई.

वऱ्हाडात या झडपेचा एक खास शत्रू होता, तो म्हणजे पाणी. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाण्यात पसरलेल्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी माणसांनाही प्यायला कठीण. असे पाणी बॉयलरात आटत गेले की क्षार दाटतात, पाण्याला फेस येतो आणि वाफेबरोबर ते झडपेच्या पेटीपर्यंत पोचते. घासून आरशासारख्या केलेल्या तळावर ओरखडे पडतात, वाफ निसटू लागते. नळ्यांवर बसलेल्या खपलीने कोळसा जास्त जळतो तो वेगळाच. अशा मुलखात जिनाला गोड्या पाण्याची सोय ही कोळशाइतकीच पहिली गरज होती.

कारखाने वाढले तसे कायदे आले. कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. बॉयलरांच्या तपासणीचा देशभराचा कायदा १९२३ चा. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण घालणे सक्तीचे झाले, जेणेकरून ओला किंवा मिसळीचा कापूस कुठे बांधला गेला ते मुंबईत बसून ओळखता यावे.

वाफेची झडप वऱ्हाडात सर्वांत जास्त काळ टिकली ती कारखान्यात नव्हे, रुळांवर. कारखान्यांनी तेलाची इंजिने आणि मग विजेच्या मोटारी घेतल्या. पण अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची, सुमारे १९० किलोमीटरांची लाईन वाफेवरच धावत राहिली. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या नावाने चालवलेली ही गाडी लोक ‘शकुंतला’ म्हणून ओळखतात. तिचे पहिले काम कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीवर पोचवण्याचे होते. रुंदी वेगळी असल्याने तिथे प्रत्येक गाठ माणसांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात जाई.

रेल्वेच्या इंजिनाला झडपेकडून आणखी एक गोष्ट हवी असते. जिनाचे इंजिन जन्मभर एकाच दिशेने फिरते, गाडीच्या इंजिनाला मागेही यावे लागते. त्यासाठी झडप आणि चाक यांच्यामध्ये वक्र खाचेची कडी बसवतात. चालकाने हातातला दांडा पुढे ढकलला की झडपेचा दांडा कडीच्या एका टोकाशी येतो आणि गाडी पुढे जाते, मागे ओढला की दुसऱ्या टोकाशी येतो आणि गाडी उलटी चालते. दांडा मधल्या जागेच्या जवळ आणला की वाफ लवकर तुटते. म्हणून स्टेशनातून निघताना दांडा पूर्ण पुढे असतो आणि भुसभुस जड, संथ ऐकू येते. वेग धरल्यावर चालक तो हळूहळू मागे घेतो, आणि आवाज हलका, तुटक होत जातो. झुलत्या इंजिनातली कमानदार खाच झडपेला हलू न देण्यासाठी होती. इथली वक्र खाच तिला हवे तेवढेच हलवण्यासाठी आहे.

मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले ‘झेड-डी’ वर्गाचे इंजिन १९२३ पासून या लाईनीवर धावत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते उतरवून त्याच्या जागी डिझेल इंजिन जोडले गेले.