खान मार्गशीर्षात मेला, मग उत्सव माघात का?

वाईत कृष्णाबाईच्या उत्सवाचे मूळ विचारले की उत्तर तयार असते: अफझलखान. खान वाईचा जुना सुभेदार. 1659 मध्ये त्याचा तळ इथे पडला, तेव्हा शेंडे घराण्यातल्या शास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला, शिवाजीराजे यातून सुखरूप निघाले तर तुझा उत्सव करू. राजे निघाले, आणि वाई तो नवस आजही फेडते आहे, असे सांगतात.

कथा मला आवडते. खटकते ती तिथी. खान मारला गेला मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, 10 नोव्हेंबर 1659 रोजी. प्रतापगडावर शिवप्रतापदिन आजही त्याच तिथीला होतो. वाईचा उत्सव मात्र माघात सुरू होतो आणि घाटामागून घाट घेत उन्हाळ्याकडे सरकतो. जयंती-पुण्यतिथ्या शतकानुशतके सांभाळणारी माणसे नेमकी हीच तिथी कशी सोडतील?

यावर उत्तर येते की खान पडताच राजांची फौज पन्हाळ्याकडे धावली. मुलूख धामधुमीत होता, नवस फेडायला माघ उजाडला. पहिल्या वर्षापुरते हे मान्य. पण कराडचे काय? कृष्णा-कोयनेच्या संगमाशी कृष्णाबाईची यात्रा चैत्रात भरते. नवस वाईचा, कराडच्या चैत्राला तो कसा पुरणार?

माझे मत असे की मुहूर्त नदीनेच ठरवला. हा उत्सव देवळातला नाही, घाटावरचा. मांडव, देवीची मूर्ती, कीर्तन, ओट्या, महाप्रसादाच्या पंगती, सगळे पाण्याशेजारी. पावसाळ्यात तिथे उभे राहायची सोय नसते. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, ती पुराचे पाणी दुभंगावे म्हणून. पाणी उतरून पायऱ्या मोकळ्या झाल्या, सुगीचे धान्य घरात आले, की पंगती उठवता येतात.

ढोल्या गणपतीचे हे देऊळ 1762 चे, गणपतराव भिकाजी रास्त्यांचे. काशीविश्वेश्वराचे त्याआधी पाच वर्षांचे, आनंदरावांचे. त्यांची बहीण गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांची पत्नी, त्यामुळे या घराण्याचे दिवस पालटले आणि वाईचा नदीकाठ दगडाने बांधला गेला. भीमकुंड आळीपासून गंगापुरीपर्यंत आळीआळीने वाटून घेतलेला आजचा उत्सव या बांधीव काठावरच शोभतो. म्हणजे शेंडे शास्त्र्यांनी जो उत्सव केला असेल तो एकाच जागेचा, लहानसा असणार. त्याला आळ्यांची पाळी लागली ती रास्त्यांच्या काळात, असा माझा अंदाज आहे.

मग खान या कथेत आला कसा? सभासदाच्या बखरीत या प्रसंगी राजांना दर्शन देते ती भवानी. दरबाराने यश तिच्या पदरात घातले. खानाचा तळ ज्यांच्या अंगणात होता, त्या वाईकरांना ते आपल्या नदीच्या पदरातही घालावेसे वाटले, तर नवल नाही. म्हणूनच नवस मी खोटा म्हणत नाही. काठावर आधीपासून होणाऱ्या नदीपूजेला त्याने वाईपुरता इतिहास जोडून दिला. कराडला तशी गरज पडली नाही, आणि यात्रेचे काही अडले नाही.