खाजन शेती आणि देवराई : गावच्या भूमीचे रक्षण व भाविकांचे कर्तव्य



गोव्यातील देवस्थानांचा इतिहास आपण बहुधा मूर्ती, मंदिर, उत्सव व स्थलांतर यांच्या अंगाने वाचतो. परंतु ज्या भूमीच्या उत्पन्नावर देवाची पूजाअर्चा शतकानुशतके चालली, त्या भूमीचा विचार क्वचितच होतो. आज ही भूमी, विशेषतः खाडीकाठची खाजन शेती आणि डोंगराळ भागातील देवराया, झपाट्याने क्षीण होत आहे. तिचे स्वरूप, तिच्या रक्षणाची जुनी व्यवस्था, उपलब्ध कायदे आणि समाजाला करता येण्याजोग्या गोष्टी यांची माहिती भाविकांस एकत्र मिळावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

देव, गाव आणि भूमी

गोव्यातील गाव हे मुळात गावकरीचे, म्हणजे ग्रामसंस्थेचे होते. जमीन एका व्यक्तीची नसून गावकऱ्यांच्या समूहाची असे. शेते ठरावीक मुदतीने लिलावाने कसावयास दिली जात. येणाऱ्या उत्पन्नातून प्रथम बांध, पाट, तळी व देवस्थान यांचा खर्च भागविला जाई आणि उरलेला लाभ गावकऱ्यांत वाटला जाई. देवाच्या सेवेकऱ्यांसाठी वेगळी जमीन राखून ठेवण्याचीही पद्धत होती. ही व्यवस्था पोर्तुगीज राजवटीच्या आधीपासूनची असून १५२६ साली अफोन्सो मेशिया याने सिद्ध केलेल्या सनदेत तिच्या चालीरीतींची नोंद झालेली आहे. पुढे १९०४ व १९६१ साली याच संस्थांसाठी 'कोमुनिदाद' संहिता करण्यात आल्या.

सोळाव्या शतकात अनेक दैवतांना मूळ गाव सोडून अंत्रुज महालात यावे लागले. श्री मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, १५६० साली प्रियोळला आले. श्री शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. ही दोन्ही मूळ गावे जुवारी नदीच्या काठची. बेळगाव, कारवार, मुंबई वा अन्यत्र स्थायिक झालेल्या कुळाव्यांचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा अशाच एखाद्या खाडीकाठच्या गावात सापडते. म्हणून हा विषय केवळ गोव्यातील शेतकऱ्यांचा नाही, तो आपणा सर्वांचा आहे.

खाजन म्हणजे काय

मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल, साळ इत्यादी नद्यांच्या मुखाकडील भागात भरतीचे खारे पाणी आतवर शिरते. या भरतीच्या पातळीखालील दलदलीला बांध घालून जी शेतजमीन पूर्वजांनी निर्माण केली, तिला खाजन म्हणतात. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. राज्याचे एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेता गोव्याच्या भूमीचा सुमारे विसावा हिस्सा अशा रीतीने मानवी श्रमाने उभा राहिलेला आहे.

खाजनाची रचना साधी परंतु अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे. नदीच्या बाजूस चिखल, गवत-पेंढा व जांभा दगड यांचा बाहेरचा बांध असतो. त्याच्या बाहेर खारफुटीची झाडे लाटांचा मारा अडवितात. बांधात जागोजागी मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार, बसविलेले असते. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने झडप मिटते आणि ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने ती उघडते. आतील बाजूस पोंय, म्हणजे खोल पाण्याची जागा, असते. तेथे जादा पाणी साचते व मासळीही वाढते.

पावसाळ्यात मुसळधार पावसाने शेतातील क्षार धुऊन जातो आणि मग कोरगुट, आसगो यांसारखी खारेपणा सोसणारी भाताची बियाणी पिकतात. भाताची कापणी झाल्यानंतर नियंत्रित प्रमाणात खारे पाणी आत घेऊन शेवटे, काळुंदर, कोळंबी, खेकडे यांचे उत्पन्न घेतले जाते. मानशीवरील मासळीचा लिलाव होई आणि त्यातून बांधाच्या डागडुजीस पैसा उभा राही. अशा प्रकारे भात, मासळी व बांध एकमेकांना आधार देत.

या बांधांशी श्रद्धाही निगडित आहे. फोंडा तालुक्यातील दुर्भाट परिसरात पौष महिन्यात 'मानगे थापणी' हा विधी होतो. शेतात चिखलाची मगर घडवून, तिला शिंपल्यांनी सजवून तिची पूजा केली जाते. बांध सुरक्षित राहावा व मगरीने माणसाला उपद्रव देऊ नये, ही त्यामागील प्रार्थना. ज्या खाडीत खरोखर मगरींचा वास आहे तेथे तिला मारण्याऐवजी तिची पूजा करणे, ही आपल्या पूर्वजांची सहजीवनाची रीत होय.

देवराया

जे कार्य खाडीकाठी बांधाने केले, ते डोंगरात देवाच्या धाकाने केले. सत्तरी तालुक्यात अनेक गावांनी देवाच्या नावे राखलेल्या राई आहेत. केरी येथील आजोबाची राय व बांबर येथील निरंकाराची राय ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे. निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल आहे. चिखलातून गुडघ्याप्रमाणे वर येणारी त्यांची मुळे हा सृष्टीचा चमत्कारच म्हणावा लागेल. अशी वने पश्चिम घाटात अत्यंत थोडी उरली आहेत. येथे कोणत्याही सरकारी फलकाच्या कितीतरी आधीपासून रक्षण झाले, ते केवळ देवाच्या राईत कोयता चालवायचा नाही या नियमाने.

चतुर्थीच्या माटोळीला आपण कांगणे, कवंडळ, तोरिंगण, सुपारीची शिपटे बांधतो. यांतील कित्येक वस्तू रानातून येतात. रान गेले की माटोळी बाजारातून विकत आणलेल्या फळांची होईल, आणि तशी ती होऊ लागलीही आहे.

ऱ्हासाची कारणे

गोवा मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला व १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीची मालकी देण्याची तरतूद झाली. कसणाऱ्यास न्याय मिळाला, ही गोष्ट निर्विवाद होय. परंतु त्याचबरोबर गावकरीचे उत्पन्न आटले आणि बांधाची सामायिक जबाबदारी नव्या कूळ संघटनांकडे गेली. त्यांसाठी १९७५ साली नियम करण्यात आले. जेथे संघटना जागरूक राहिली तेथे बांध टिकले. जेथे शेती सुटून केवळ मानशीच्या लिलावाचे उत्पन्न महत्त्वाचे ठरले, तेथे मासळीसाठी झडपा अवेळी उघडल्या जाऊ लागल्या व शेतात खारे पाणी राहू लागले.

खेकडे व उंदीर बांधाला बिळे पाडतात. पूर्वी ती वेळच्या वेळी बुजविली जात. लोहखनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनीही मांडवी-जुवारीच्या काठचे बांध झिजले. एकदा बांध फुटून खारे पाणी आत शिरले की एकाच हंगामाचे नुकसान होत नाही. पुढील कित्येक पावसाळे क्षार धुण्यात जातात. तोवर शेतकरी निराश होतो, शेत पडीक राहते, आत खारफुटी वाढते आणि मग तिला कायद्याचे संरक्षण असल्याने शेत पुन्हा मोकळे करणे कठीण होते. पडीक जमिनीवर भराव घालण्याची मागणी यानंतरच पुढे येते. म्हणूनच शेत पडीक राहणे हीच ऱ्हासाची पहिली पायरी समजावी.

कायद्याचे संरक्षण

१९९१ च्या गोवा भूमी वापर नियमन कायद्यानुसार, कूळ कायद्याखाली कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरता येत नाही. २०११ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यातील खाजनांच्या रक्षणासाठी विशेष तरतुदी आहेत. २०२३ साली भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्या व्यक्तीस हस्तांतरित करण्यावर निर्बंध घालणारा कायदा राज्य विधानसभेने संमत केला. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी व तिने गावची जैवविविधता नोंदवही करावी, अशी तरतूद आहे.

तथापि कायदा कागदावर राहतो. त्याला जागे ठेवावे लागते ते लोकांनी. २००६ साली अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा २०११ हा गावोगावच्या लोकांनी केलेल्या आंदोलनानंतर २००७ च्या प्रारंभी मागे घेण्यात आला. जनमत संघटित झाले तर भूमी वाचते, याचे हे अलीकडच्या इतिहासातील ठळक उदाहरण होय.

समाज काय करू शकतो

१) आपल्या कुटुंबाच्या नावे वा सामायिक असलेल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून त्यातील कब्जेदार, कूळ व पीक यांच्या नोंदी तपासाव्यात. पिकाची नोंद वेळेवर होणे पुढील संरक्षणासाठी महत्त्वाचे आहे.

२) परगावी असलेल्यांनी शेत पडीक न ठेवता गावातील कसणाऱ्या गटास ते लागवडीसाठी द्यावे. गोव्यातील अनेक गावांत अशा सामूहिक लागवडीने पडीक भातशेती पुन्हा हिरवी झाली आहे. यासंबंधीचा करार मात्र लेखी व जाणकाराच्या सल्ल्याने करावा, म्हणजे उभयतांच्या मनात शंका राहत नाही.

३) पावसाळ्यापूर्वी व मोठ्या भरतीच्या दिवसांत बांधाची पाहणी व्हावी. लहान भगदाड दिसताच कूळ संघटनेस व कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागास लेखी कळवावे.

४) ग्रामसभेस उपस्थित राहावे. जमीन रूपांतराचा विषय आला की सर्व्हे क्रमांकासह माहिती मागावी.

५) खारफुटी बांधाबाहेर असेल तर ती राखावी. आत वाढू लागल्यास ती रोपे लहान असतानाच संबंधित खात्याचे मार्गदर्शन घ्यावे. परवानगीविना तोड करू नये.

६) कोरगुटसारखे जुने बियाणे ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते इतरांस द्यावे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी 'गोवा धान' या नावाच्या जातीही विकसित केल्या आहेत.

देवस्थानांची जबाबदारी

१९३३ च्या देवस्थान नियमावलीनुसार गोव्यातील देवस्थानांचा कारभार महाजन व त्यांनी निवडलेली समिती पाहते. म्हणून देवाच्या भूमीविषयीचा निर्णय शेवटी महाजनांच्या सभेत होतो. उत्सवाची गर्दी वाढली की वाहनतळ, सभागृह, नवी अग्रशाळा यांची मागणी होते, आणि सपाट व मोकळी जागा म्हणून मंदिराजवळच्या शेताकडेच प्रथम लक्ष जाते. भाविकांची सोय झाली पाहिजे, यात दुमत नाही. परंतु ज्या शेताच्या लोंब्या नव्याच्या दिवशी देवापुढे ठेवल्या गेल्या, त्या शेतावर भराव घालून देवाची कोणती सेवा होते, याचा विचार मत देण्यापूर्वी प्रत्येकाने करावा. शेत बुजविल्यास पावसाचे पाणी तळीत न मुरता रस्त्यावर व शेजाऱ्याच्या घरात जाते, ही व्यवहारातील बाजूही ध्यानात असू द्यावी.

यावर उपाय अशक्य नाहीत. देवस्थानाने आपल्या सर्व जमिनींची सर्व्हे क्रमांकानिहाय यादी करून ती महाजनांस पाहण्यासाठी ठेवावी. शेतीयोग्य जमीन लागवडीखाली आणून त्यातील तांदूळ महाप्रसादासाठी वापरावा. अन्नदानासाठी देणगी देणाऱ्या भाविकांस बांध, तळी व राई यांच्या देखभालीसाठीही देणगी देण्याची सोय करावी. उत्सवकाळात वाहने दूरच्या उजाड जागेत ठेवून तेथून बसगाड्यांची व्यवस्था करावी.

पूर्वजांनी मूळ गाव सोडताना देव बरोबर आणला, शेत मात्र बरोबर आणता आले नाही. ते तेथेच राहिले आणि इतकी शतके इतरांच्या हातांनी पिकत राहिले. आपल्या पिढीच्या काळात ते पडीक होऊन बुजले, असे पुढील पिढीस सांगण्याची वेळ येऊ नये. या विषयावर ज्यांस अधिक माहिती, जुनी कागदपत्रे वा सूचना द्यावयाच्या असतील त्यांनी त्या देवस्थान कार्यालयात लेखी द्याव्यात. सर्व सूचनांचे स्वागत आहे.

श्रीचरणी सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना.

सचिव,
देवस्थान समिती