कोल्ह्याची उडी

१९६३ सालच्या पावसाळ्यात आमच्या घरात एक कोल्हा शिरला. घाबरू नका. हा कोल्हा चपळ होता, तपकिरी होता आणि एका आळशी कुत्र्यावरून उडी मारण्यापलीकडे त्याने आयुष्यात दुसरं काही केलेलं नव्हतं. 'द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग!' त्याला घरात आणलं ताईने, टायपिंगच्या क्लासातून. वडील नुकतेच निवृत्त झाले होते, मी मॅट्रिकला गटांगळी खाल्ली होती, आणि ताईने 'इंग्रजी तीस'चा फॉर्म भरला होता. मिनिटाला तीस शब्द आले की नोकरी, असा त्या काळी सरळ हिशेब.

ताईची बोटं मग कुठेही चालू लागली. पोळपाटावर, मांडीवर, आरतीच्या वेळी झांजेवरसुद्धा.

"अगं, रोज रोज तोच कोल्हा काय?" मी एकदा वैतागलो.

"अरे, यात एपासून झेडपर्यंत सगळी अक्षरं आहेत. मोजून बघ."

मला दुसरा उद्योग नव्हताच. मोजली. अक्षरं भरली पस्तीस. म्हणजे सव्वीस कामाची आणि नऊ नुसती बसलेली. कुठल्याही कचेरीत हे प्रमाण वाईट म्हणता येणार नाही.

पुष्कळांची समजूत अशी की, हा कोल्हा टायपरायटरच्या पोटी जन्मला. तसं नाही. १८८५ साली बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात तो दिसतो, आणि तोही कित्त्याचं वाक्य म्हणून! पंतोजींनी मुलांना अक्षर वळणदार व्हावं म्हणून घालून दिलेलं वाक्य. कित्त्यातून तो टायपरायटरवर उडाला. १९०८ साली बेडन-पॉवेलसाहेबांनी बालवीरांच्या पुस्तकात त्याला सरावासाठी घेतला, आणि पुढे जिथे जिथे अक्षरं तपासायची वेळ आली, तिथे तिथे त्यालाच बोलावणं जाऊ लागलं.

कारण या वाक्याचा खरा उपयोग निराळाच आहे. ते एकदा बडवलं की यंत्रातलं कुठलं अक्षर रुसलंय ते ताबडतोब कळतं. ताईच्या वाट्याला आलेल्या चार नंबरच्या मशीनवर 'एस' रुसलेला होता. दाबला की खाली जाई, वर म्हणून यायचा नाही. ताईने मास्तरांकडे तक्रार केली. मास्तर काटकसरी. ते म्हणाले, "मग कोल्ह्याला भूतकाळात टाका! जम्प्स नको, जम्प्ड करा. काम भागलं!"

काम भागलं खरं, पण 'एस' गेला की हो! साऱ्या वाक्यात 'एस' कुठे असेल तर तो त्या 'जम्प्स'च्या शेपटाला. म्हणजे सगळी अक्षरं यावीत म्हणून जन्मलेलं वाक्य चार नंबरवर पंचवीसच अक्षरांचं झालं.

गंमत अशी, की त्याच पावसाळ्यात अमेरिकन सरकारनेही कोल्ह्याला भूतकाळातच टाकलं होतं. क्यूबाच्या पेचात जग थोडक्यात वाचलं तेव्हा वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट तार जोडायचं ठरलं. हॉटलाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल टेलिफोन येतो, पण तो होता टेलिप्रिंटर. ३० ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेने त्यावरून पहिला मजकूर पाठवला : कोल्ह्याने आळशी कुत्र्याच्या पाठीवरून उडी मारली, आणि पुढे एकपासून शून्यापर्यंत आकडे. पण अमेरिकन बेटे हुशार! 'जम्प्ड' केलं तरी 'डॉग्ज बॅक' लिहून त्यांनी 'एस' कुत्र्याच्या पाठीवर बसवला. हा कोल्हा कोण आणि कुत्रा कोण, असा प्रश्न म्हणे रशियनांना पडला. पडणारच.

कोल्ह्याला पुढे प्रतिस्पर्धी झाले. 'पॅक माय बॉक्स विथ फाइव्ह डझन लिकर जग्ज' यात बत्तीसच अक्षरं. पण दारूबंदीच्या मुंबई राज्यात वाढलेल्या मुलींनी असलं वाक्य बडवलं असतं तर आयांनी क्लास बंद पाडला असता. नेमक्या सव्वीस अक्षरांत बसवलेली वाक्यंही आहेत, पण त्यांत दरीला वेल्श शब्द, खाडीला नॉर्वेचा, आणि अर्थ विचाराल तर भांडण. एक इंच जागा वाया न घालवलेल्या, पण माणसाला राहता न येणाऱ्या ब्लॉकसारखी! कोल्ह्याची नऊ अक्षरं जास्त आहेत, म्हणून तर तो सुखाने उडी मारू शकतो.

ताईने हे काही वाचलं नव्हतं. तिला धास्ती होती ती 'एस'ची. परीक्षेला चांगलं मशीन येणार, तिथे 'एस' असणार, आणि बोटाला त्याची सवय नाही. म्हणून ती रात्री दिवा मालवल्यावर अंथरुणाच्या कडेला डाव्या हाताची अनामिका आपटत राही. टक, टक, टक. मी कूस बदलून म्हणत असे, "झोप ना गं!"

ती पास झाली. मग चाळीस. मग मुंबई, नोकरी, आणि दर महिन्याला मनीऑर्डर. त्या मनीऑर्डरवर मी मॅट्रिकला आणखी दोनदा बसलो आणि एकदा पास झालो. पुढे कॉलेजही झालं.

परवा ताई आली होती. नातवाने संगणकावर अक्षरांचे नमुने उघडले, तर दर नमुन्यात आपला कोल्हा! ताईने चष्मा सारखा केला, खुर्ची ओढली आणि कळांकडे न बघता पुरं वाक्य बडवलं. 'जम्प्स'पाशी अनामिका किंचित जोरात पडली.

"आला बघ एस," ती म्हणाली.

कोल्हा कोण, हे मला १९६३ सालापासून ठाऊक होतं. पाठ कोणाची होती, ते मात्र रशियनांप्रमाणे मलाही जरा उशिराच उमगलं.