भिलाईहून : सळई आणि गालिचा



सध्या मुक्काम भिलाई. इथे सळई म्हटली की पोलाद कारखानाच आठवतो. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढच्याच महिन्यात दलाई लामांनी ल्हासा सोडलं आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी भारतात आले. त्यातल्या काहींना सरगुजातल्या मैनपाटला जमीन मिळाली. १९७२ साली आपल्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग वसाहत उभी राहिली.

गेल्या रविवारी महामार्गाने निघालो, कोहमाऱ्याला वळून नवेगावबांधमार्गे तिथे पोहोचलो. एका घरात उभा माग होता आणि आजी नातीला गालिचा विणायला शिकवत होत्या. तिबेटी पद्धतीत प्रत्येक गाठ सुटी मारत नाहीत. ताण्यासमोर आडवी सळई धरून लोकरीचा धागा ताण्याच्या दोऱ्यांमागून घ्यायचा आणि सळईवर वेढे देत जायचं. ओळ भरली की ठोकायचं आणि वेढे सुरीने कापायचे. सळई मोकळी होते, मऊ लव उरते. नातीचा वेढा सैल पडला की आजी काही न बोलता उसवायच्या.

तिबेटात असा गालिचा घरात बसण्या-झोपण्यासाठी असे. परागंदा झाल्यावर तो पोटाचा आधार झाला. १९५९ च्या ऑक्टोबरमध्येच दार्जिलिंगला निर्वासितांचं स्वावलंबन केंद्र निघालं. नेपाळात जावळाखेलला स्विस मदतीने माग लागले. अनेक तरुण हात ही विद्या मायदेशात नव्हे, छावणीत शिकले. गरज होती, म्हणून कला तगली.

आता ती गरज उरलेली नाही. घरातले आजोबा टू-टूचे निवृत्त जवान, १९७१ ला चितगावच्या डोंगरात लढलेले. मुलगा हिवाळ्यात शहरात स्वेटर विकतो. नातीला नर्सिंगला जायचंय.

"मग हे कशाला शिकवता, आजी?" मी विचारलं.

"मला माझ्या आईने शिकवलं, तेव्हा मी तरी कुठे विचारलं होतं?" त्या हसल्या.

नातीने विणलेलं छोटं आसन मी मागितलं. "सर, कड वाकडी झालीय," ती म्हणाली. आजींनी सांगितली ती किंमत दिली, घासाघीस केली नाही. महिनोन् महिने चालणारं काम आपण स्वस्तात मागतो आणि मग तरुण शिकत नाहीत म्हणून हळहळतो.

आसन आता माझ्या खुर्चीवर आहे. वाकडी कड दारातून दिसेल अशीच ठेवली आहे.