वसईची सहल आणि एक घंटा


सहलीचे वर्णन लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. पण त्या दिवशी जे ऐकले ते मनातून जाईना, म्हणून लिहिते.

माझ्या शेजारीणबाई माहेरच्या वसईच्या, धर्माने ख्रिस्ती. त्यांच्या चर्चमधल्या बायकांनी एक दिवसाची बस ठरवली होती. काही जागा रिकाम्या होत्या. “वहिनी, तुम्हीही चला, मंडळातल्या आणखी कुणी येत असतील तर त्यांनाही आणा,” असे त्या म्हणाल्या. आम्ही पाचजणी निघालो. पहाटे सहाला कळव्याच्या नाक्यावरून बस सुटली. एकीकडे येशूचे भजन, दुसरीकडे आमची गणपतीची आरती, दोन्ही झाली आणि मग डबे उघडले.

कळव्याचा पूल ओलांडला की तुरुंगाचा तट दिसतो. आपण रोज पाहतो, पण तो मूळचा ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि तो पुरा होण्याआधीच 1737 साली मराठ्यांनी जिंकला. पुढे घोडबंदरचा किल्ला लागला. तोही त्याच मोहिमेत मराठ्यांकडे आला. या मोहिमेसाठी पेशव्यांकडे खेटे घालणारे गंगाजी नाईक हे आपल्या खाडीपलीकडच्या अंजूरचे. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली, सणवार करणे कठीण झाले, त्या जाचाला कंटाळून त्यांनी हा उद्योग केला. म्हणजे वसईचा इतिहास आपल्या उंबरठ्यापासूनच सुरू होतो.

हे सारे मी बसमध्ये मोठ्या उत्साहाने सांगत होते. शाळेत वसईच्या विजयाचा धडा मला तोंडपाठ होता. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. 205 वर्षांनी, मे 1739 मध्ये, चिमाजी आप्पांनी ती घेतली. सुरुंग लावून बुरूज उडवले, हजारो माणसे पडली. बोलता बोलता माझे लक्ष गेले, शेजारीणबाई खिडकीबाहेर पाहत गप्प बसल्या होत्या. मी एकदम थांबले.

किल्ल्यात शिरल्यावर मोठमोठी चर्चे दिसतात, पण छपरे गेलेली. भिंतींतून वडपिंपळ उगवले आहेत. एका चर्चच्या जमिनीत नावे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्या वाचून पाहण्यासाठी बाया वाकल्या. वसईत 1557 च्या सुमारास जन्मलेले गोन्सालो गार्सिया येथेच जेझुइट पाद्र्यांजवळ शिकले. 1597 साली जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारले आणि 1862 साली त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले हे पहिले ख्रिस्ती संत. आमच्या शाळेच्या धड्यात त्यांचे नाव नव्हते.

एका उंच मनोऱ्याखाली आम्ही सावलीला बसलो. वर घंटेची जागा रिकामी. मला भीमाशंकरची घंटा आठवली. क्रुसाची खूण असलेली ती घंटा लग्नानंतर यजमानांबरोबर गेले तेव्हा मी स्वतः वाजवली होती. वसईच्या विजयानंतर चर्चमधल्या घंटा अशा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. वाईजवळच्या मेणवलीला एक आहे. मोठ्या आवाजाच्या बाईला आपण ज्या नारोशंकराच्या घंटेचे नाव ठेवतो, ती नाशिकची घंटाही वसईचीच म्हणतात.

मी हे शेजारीणबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे वहिनी. आमच्याकडे लहानपणापासून ऐकतो. पण तुम्ही बसमध्ये शत्रू, शत्रू म्हणत होता ना, त्यात आम्ही कुठे? पोर्तुगीज तहाप्रमाणे मानाने निघून गेले. आम्ही कुठे जाणार? आमची विहीर इथे, केळीची बाग इथे. आमचे पूर्वज इथलेच शेतकरी आणि कोळी. त्यांचीही देवळे त्याच अमलात पडली असतील.”

मला उत्तर सुचले नाही. तहात, मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली होती, हे मी पुढे वाचले. आमच्या धड्यात तेही नव्हते. विजय खरा, जाचही खरा. पण किल्ला पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बाईचा इतिहास कुणी लिहिला? त्या बाईने काय ऐकले असेल, घंटा वाजेनाशी झाल्यावर?

दुपारी सोपाऱ्याचा स्तूप पाहिला. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, अशा एकात एक डब्या निघाल्या. अगदी आतली सोन्याची. याच सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. म्हणजे पोर्तुगीजांच्याही आधी कितीतरी शतके येथे बुद्धाचे नाव घेतले जात होते. परतताना वज्रेश्वरीला उतरलो. वसई जिंकली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी केला होता, अशी या देवळाची कथा आहे. ख्रिस्ती बायकाही पायऱ्या चढून वर आल्या. शेजारीणबाईंनी बाहेरच्या ओट्यावर बसून सर्वांना वसईची सुकेळी वाटली. देवीपुढून आलेला नारळाचा तुकडा मी त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला.

भिवंडीमार्गे कळव्याला पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. उतरताना मी त्यांना म्हटले, “पुढच्या वेळी बसमध्ये इतिहास तुम्ही सांगा.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “दोघी मिळून सांगू.”

आपल्या मंडळाची पुढची सहल तशीच ठरवावी, एवढीच माझी सूचना आहे.