विणकरांच्या व्याजावरची विद्या

प्राचीन शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन चित्रे मांडण्याची रीत आहे. एकीकडे ऋषीचा आश्रम, दुसरीकडे भिक्षूंचा विहार. आणि मग श्रेष्ठ कोण, हा वाद. माझे आयुष्य कामगारांचे हिशेब तपासण्यात गेले. म्हणून मित्रहो, माझा प्रश्न निराळा आहे. या विद्यार्थ्यांना जेवू कोण घालीत होते, आणि दाराशी अडवले कोणाला जात होते?

वैदिक पद्धतीत विद्यार्थी गुरूच्या घरी राही. ब्राह्मणाचे उपनयन आठव्या वर्षी, क्षत्रियाचे अकराव्या, वैश्याचे बाराव्या. एका वेदाला बारा वर्षे. पोट भिक्षेवर, दक्षिणा शेवटी. पद, क्रम, घन अशा पाठांनी एकेक स्वर मुखोद्गत जपला गेला, ही थोरवी मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. परंतु शूद्राला उपनयनच नव्हते. सत्यकाम जाबालाचे उदाहरण येथे हटकून दिले जाते. बापाचे गोत्र ठाऊक नसलेल्या त्या मुलाला गौतमांनी पदरी घेतले हे खरे, पण कशासाठी? इतके खरे ब्राह्मणावाचून दुसरा बोलणार नाही, असे म्हणून! दार उघडले, उंबरठा होता तेथेच राहिला.

संघात उपाली न्हावी विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. बुद्धवचन छंदात बांधावे असे ब्राह्मण कुळातील दोन भिक्षूंनी सुचवले, तेव्हा बुद्धाने नकार दिला. ज्याने त्याने आपापल्या बोलीत शिकावे, असे ठरले. शिष्याने उपाध्यायाची सेवा करायची, पण उपाध्याय भलते बोलू लागला तर त्याला आवरायचेही. हे मला फार मोठे वाटते. तरीही दास, कर्जदार आणि राजाचा शिपाई यांना प्रव्रज्या नव्हती. मालक, सावकार आणि राजा या तिघांशी संघाने तंटा घेतला नाही.

आता खर्चाकडे येऊ. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून 3,000 कार्षापण कायमचे ठेवले. पैकी 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेचे वर्षाला 240 होतात. लेण्यात वर्षावास करणारे भिक्षू वीस. प्रत्येकाला चीवरासाठी 12. हिशेब चोख जुळतो. मुद्दल परत द्यायचे नाही, आणि हा व्यवहार नगरसभेत ऐकवून नोंदवलेला. हाच उषवदात आपण ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्या असेही दुसऱ्या लेखात सांगतो. दाता एकच होता. पण भिक्षूंची वस्त्रे दरवर्षी ज्या व्याजातून येत, ते मागावर बसणाऱ्यांनी कमवायचे होते.

जुन्नरला वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची दाने कोरलेली आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दर्शनी दार केल्याचा लेख आहे, त्याच्या बापाच्या नावासकट. आमच्या खडकवासल्याला एकोणिसाव्या शतकात धरण बांधले, तेव्हा तलावाला फाइफसाहेबाचे नाव मिळाले, एकाही पाथरवटाचे नाही. कार्ल्याचा सुतार त्या मानाने भाग्यवान.

पण सामीच्या मुलाने दार करण्याची विद्या कोठे घेतली असेल? आश्रमातही नाही आणि विहारातही नाही. ती तिसरी शाळा कारागिराच्या घरी भरे, आणि दोन चित्रांच्या वादात तिची आठवण कोणी काढीत नाही. तिचे नियम नारदस्मृतीत आहेत. मुदत आधी ठरवायची. गुरूने शिष्याला घरी जेवू घालायचे, मुलासारखे वागवायचे, शिकवायचे सोडून दुसऱ्या कामाला जुंपायचे नाही. मात्र हुन्नर मुदतीआधी हाती आला तरी शिष्याने मुदत पुरी करायची, आणि तोवर त्याच्या हातचे जे काम होईल त्याचे फळ गुरूचे. कारखान्यातील उमेदवारांची गाऱ्हाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे शेवटचे कलम ओळखीचे वाटेल.